चिंचटाकळीचा सरकारी माणूस

चिंचटाकळीच्या हॉल्टवर दुपारी बारा ते चार या वेळात काहीही घडत नाही. सकाळच्या दोन्ही गाड्या, हिंगोलीकडची आणि पूर्णेकडची, येऊन गेलेल्या असतात. चारच्या पुढच्या दोन यायच्या असतात. मधल्या वेळात रूळ तापतात आणि लिंबाची सावली बाकावरून खाली उतरून हळूहळू रुळांच्या दिशेनं सरकते. या सावलीत बसून मी आयुष्यातल्या कितीतरी दुपारी घालवल्या. मी या गावचा ग्रामसेवक. आमच्या पदाचं नाव सरकारनं मध्यंतरी बदललं, पण गाव मला भाऊसाहेबच म्हणतं. पंचायतीचं काम एकदीडपर्यंत उरकतं, आणि काळीपिवळी जीपमध्ये दहाव्या माणसाच्या मांडीवर बसून हिंगोली गाठायला माझा जीव तयार होत नाही. म्हणून मी चारच्या गाडीची वाट बघत हॉल्टवर येऊन पडायचो.

हे सगळं मी रागात लिहितोय, हेही आधीच सांगून टाकतो. राग नेमका कुणावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिथं नासेरमामू असायचे. साठीच्या पुढचे, काटकुळे, पांढरा सदरा पायजमा, खिशाला पेन. हॉल्टच्या एका खोलीत बसून ते तिकिटं विकायचे, आणि गाडी नसेल तेव्हा माझ्याशेजारी बाकावर बसून अर्धवट झोपायचे. त्यांची झोप फार हलकी. बोलता बोलता डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं तेच वाक्य पुढं सुरू व्हायचं, जणू मधे काही झालंच नाही. मलाही त्या उन्हात गुंगी यायची. आमच्या कित्येक गप्पांमधलं कोणतं वाक्य जागेपणीचं आणि कोणतं झोपेतलं, हे मी आज शपथेवर सांगू शकणार नाही.

आता हॉल्ट म्हणजे काय, ते सांगायला हवं. हॉल्ट म्हणजे स्टेशन नव्हे. स्टेशनला मास्तर असतो, सिग्नल असतो, उंच फलाट असतो. हॉल्टवर गाडी मिनिटभर टेकते आणि निघते. तिथं तिकीट विकायला रेल्वे गावातलाच एखादा माणूस पाच वर्षांच्या करारावर घेते. तो मोठ्या स्टेशनवरून तिकिटांचे गठ्ठे आणतो, विकतो आणि त्यावर थोडंसं कमिशन मिळवतो. पगार नाही, रजा नाही, गणवेश नाही, पेन्शन नाही. कागदावर त्याला एजंट म्हणतात, म्हणजे खाजगी माणूस. नासेरमामू तीस वर्षं असेच खाजगी माणूस होते. गावात हे दोघांनाच माहीत होतं: त्यांच्या बायकोला म्हणजे फातिमाबींना, आणि मला. मला कळलं, कारण करार नवा करताना लागणारा रहिवासी दाखला माझ्या सहीनं निघायचा.

बाकी गावाच्या लेखी ते रेल्वेचे माणूस. रेल्वे सरकारची, म्हणून मामू सरकारचे. त्यांनी स्वतः तसं कधी सांगितलं नाही. फक्त कुणी म्हटलं तर ते नाही म्हणाले नाहीत.

आणि खरंच, कुणाला शंका यावी असं ते वागायचेही नाहीत. पहाटे उठून हॉल्ट झाडायचे. दोन माठ भरायचे. हॉल्टला उंच फलाट नसल्यामुळं म्हाताऱ्यांना डब्याची पायरी गाठेना, तर मामूंनी पदरमोड करून एक भक्कम लाकडी स्टूल बनवून घेतलं आणि त्यावर स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात 'द.म.रे.', म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे, असं लिहिलं. स्टूल मामूंचं, रंग मामूंचा, अक्षरं रेल्वेची. एखादी म्हातारी शेताच्या बांधावरून धावत येताना दिसली की ते इंजिनाकडं तोंड करून एक हात वर धरायचे. ड्रायव्हरला तो हात मानायचं काही कारण नव्हतं, पण ड्रायव्हर मानायचे. म्हातारी स्टुलावर चढायची, डब्यात जायची, आणि मगच हात खाली यायचा.

"मामू, हे तुमच्या करारात कुठं आहे?" असं मी एकदा चिडवलं.

"करारात समदं लिवतात व्हय भाऊसायेब?" ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

त्यांना स्वप्नं पडायची. त्याच बाकावर, भर दुपारी. एक स्वप्न त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की पुढं पुढं ते मलाच पडायला लागलं. इंजिन नसलेली एक गाडी आवाज न करता येते. डब्यांतून माणसं उतरतात. तीस वर्षांत ज्यांना ज्यांना तिकीट दिलं ती सगळी. त्यांतली किती तरी आता हयात नाहीत. सगळी नवे कपडे घातलेली, कुणालाच घाई नाही. सगळ्यांत शेवटी काळ्या कोटातले एक साहेब उतरतात आणि एक जाडजूड रजिस्टर उघडतात.

"सायेब पानं चाळत राहते," मामू सांगायचे. "माझं नाव काही सापडत न्हाई. मी म्हणतो, खाली बघा सायेब, खालच्या ओळीत असंल. ते बघत राहते. मी बी बघत राहतो. तेवढ्यात चारची गाडी येती."

हे सांगून ते हसायचे. मला हसू यायचं नाही.

फातिमाबींना या स्वप्नांचा मनस्वी तिटकारा. "सरकारी, सरकारी!" त्या माझ्यासमोरच त्यांना झापायच्या. "सरकारनं तुमाला एक टोपी तरी दिली का? लोकं सलाम करतात म्हून पोट भरतंय का?" मामू निमूट ऐकून घ्यायचे आणि सदरा झटकून हॉल्टवर यायचे.

तर गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात पंचायतीत रेल्वेच्या कचेरीतून एक पत्र आलं. या मार्गावरच्या हॉल्टांची व्यवस्था नव्यानं लावायची आहे, ग्रामसभेचं मत कळवा. तीन पर्याय होते. एक, सध्याचा खाजगी एजंट चालू ठेवणे. दोन, सगळे हॉल्ट मिळून एका खाजगी कंपनीला चालवायला देणे. तीन, रेल्वेनं स्वतःचा कर्मचारी नेमणे. म्हणजे गावानं फक्त 'पहिला' म्हटलं असतं, तरी नासेरमामू जागच्या जागी राहिले असते. एवढी सोपी गोष्ट होती.

मी पत्र घेऊन त्याच दुपारी हॉल्टवर गेलो. मामूंनी ते दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात परत दिलं आणि बराच वेळ रुळांकडं बघत बसले. मला वाटलं, झोप लागली.

"भाऊसायेब," ते म्हणाले, "ग्रामसभेत हे वाचताना पयली ओळ वाचू नका."

"काहून?" माझ्या तोंडून गावचाच शब्द निघाला.

"तीस वर्सं झाली. आता ह्या वयात कुणाकुणाला सांगू, की मी सरकारी न्हाई म्हून?"

"अहो, पण तुमचं काम जाईल!"

"लोकं कंपनी मागतील, न्हाई तर सरकार मागतील. काय बी मागू द्या. ती ओळ तेवढी वाचू नका."

मी भडकलो. म्हटलं, तुमच्या अब्रूपायी घर उपाशी ठेवाल. उन्हात रूळ पाण्यासारखे हलत होते. मग मी गाडीत बसून घरी गेलो, आणि रात्रभर स्वतःला बजावलं, की सरकारी कागदातली ओळ गाळणं हा गुन्हा आहे आणि मी तो करणार नाही.

एक मे रोजी ग्रामसभा भरली. सरपंच द्वारकाबाई, साठीला आलेल्या, तिखट जिभेच्या आणि मनानं सरळ बाई. मी उभा राहून पत्र वाचायला लागलो. मामू मागच्या भिंतीला टेकून बसले होते. पहिल्या पर्यायाशी आलो आणि मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही की हात हलवला नाही, नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी ती ओळ गाळली. "दोन पर्याय आहेत," असं म्हणालो.

मग जी चर्चा झाली तिच्यासारखी चर्चा मी नोकरीत ऐकलेली नाही. हरीश नावाचा गावातला एक तरुण आहे, शिकलेला, पुण्याला दोन वर्षं राहून आलेला. तो म्हणाला, "प्रायव्हेटला देऊन टाका. सरकारी म्हंजे कुलूप. आपला दवाखाना बघा, शाळेचं पत्र्याचं छत बघा. कंपनी असली की शेड होईल, पंखे होतील, मशीन बसंल."

"आन काळीपिवळी कुणाची हाय रे?" द्वारकाबाईंनी विचारलं. "प्रायव्हेटच ना? भरल्याबिगर जागची हालत न्हाई. माझी सून अडली तवा तो म्हणला, अजून तीन शिटा येऊ द्या. एस्टीत एकलं माणूस असलं तरी ती निघती."

"निघती, पण मधे बंद पडती," हरीश म्हणाला. लोक हसले.

"पडू दे. बंद पडली तर चार शिव्या हक्कानं देता येतात. कंपनीला शिवी द्यायची तर फोन करायला लागतो, आन फोनवर बाई म्हणती, एक दाबा, दोन दाबा."

हरीश हार मानणारा नव्हता. त्यानं आणखी चार मुद्दे मांडले, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांतले तीन बरोबर होते. सभा त्याच्या बाजूला झुकायला लागली होती. तेव्हा द्वारकाबाईंनी मागच्या भिंतीकडं बोट केलं.

"सरकारी समदं खराब असतंय म्हणतोस ना? मंग नासेरमामू काय खराब हाय? तीस वर्सांत एक दिवस तरी हॉल्टला कुलूप बघितलंस का? पाणी भरतोय कोण, झाडतोय कोण? माझ्या सासूला स्टुलावर चढवून दवाखान्याला कुणी धाडलं? सरकारी माणूस असा बी असतोय. आमाला सरकारीच पायजे."

हरीश खाली बसला. मग म्हणाला, "मामूचं नाव घेतल्यावर काय बोलणार?" आणि सभेनं हात वर केले. सगळेच्या सगळे.

ठराव मी लिहिला. 'हॉल्टचे कामकाज कोणत्याही खाजगी व्यक्तीच्या अथवा कंपनीच्या ताब्यात देऊ नये. तेथे सरकारी कर्मचारीच असावा.' खाजगी व्यक्तीच्या, हे शब्द द्वारकाबाईंनी आग्रहानं घालायला लावले. कंपनीचा एखादा माणूस चोरवाटेनं घुसू नये म्हणून. त्या शब्दांपाशी माझं पेन अडलं. मामू सह्या करायला सगळ्यांच्या पुढं येऊन उभे होते.

"लिवा भाऊसायेब," ते हळूच म्हणाले.

मी लिहिलं. पहिली सही त्यांनी केली. त्यांचं अक्षर फार देखणं होतं.

त्यानंतरचे महिने मला धूसर आठवतात. पाऊस झाला, सोयाबीन निघालं, तुरीला फुलं आली. आम्ही दोघं त्याच बाकावर बसायचो आणि त्या विषयावर अवाक्षर काढायचो नाही. मला वाटायचं, पत्र कुठल्या तरी फायलीत पडून राहील. सरकारी कामाच्या संथपणावर माझा कधी नव्हे एवढा विश्वास बसला होता. पण नेमकं याच वेळी काम वेळेवर झालं. दिवाळीनंतर उत्तर आलं: गावाच्या मागणीला मान देऊन खाजगी एजंटाचा करार संपवण्यात येत आहे, एक तारखेपासून रेल्वेचा कर्मचारी रुजू होईल.

मामूंनी पत्र वाचलं. "बराबर हाय," एवढंच म्हणाले. गावाला त्यांनी सांगितलं, की आता आपण घरी बसणार. गावानं त्याचा अर्थ लावला, मामू रिटायर झाले. सरकारी माणूस साठीच्या आतबाहेर घरी बसतो आणि मामू सदुसष्ट वर्षांचे होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रिटायर झालेल्या सरकारी माणसाचा आमच्याकडं सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं आणि 'सेवापूर्ती सोहळा' असा फलक. तोही ठरला. फलक हरीशनं स्वखर्चानं छापून आणला, त्यावर मामूंचा फोटो, आणि फोटोमागं एक धावती गाडी.

कार्यक्रम हॉल्टवरच झाला, दुपारी तीनला, चारच्या गाडीआधी उरकावा म्हणून. थंडीची दुपार होती. ऊन पिवळं आणि मऊ होतं, हरभऱ्याच्या शेतांवर धुरकट काहीतरी तरंगत होतं, आणि गावातली दोनअडीचशे माणसं लिंबाखाली सतरंज्यांवर बसली होती. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. कुणालाच घाई नव्हती. मी क्षणभर डोळे मिटले, आणि हे आपण आधी कुठं तरी पाहिलंय असं वाटून अंगावर काटा आला. मामूंच्या जागी रेल्वेनं नेमलेल्या प्रियदर्शनी मॅडमही एका कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. वाशीमकडच्या, पंचविशीतल्या, कामाला चोख. त्यांच्या हातात मामूंच्या कराराची कागदपत्रं होती, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, पण कुणी विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत.

भाषणं झाली. हरीश म्हणाला, "मी प्रायव्हेटच्या बाजूचा होतो. पण मामूंकडं बघितलं की मला वाटतं, सरकारनं मनात आणलं तर काय न्हाई होऊ शकत." टाळ्या पडल्या. मामू फेटा बांधून, मान खाली घालून बसले होते.

शेवटी द्वारकाबाई शाल घेऊन उठल्या. "नवीन बाई, तुमी बी यांच्यावानी नोकरी करा," त्या प्रियदर्शनी मॅडमना म्हणाल्या, आणि मामूंकडं वळल्या. "मामू, लई राबलात. आता पेन्शन घ्या आन सुखानं दोन घास खा."

"कुठली पेन्शन, द्वारकाबाई?"

आवाज बायकांमधून आला. फातिमाबी उभ्या राहिल्या होत्या. "कुठली पेन्शन? विचारा की त्यास्नी! सरकारी माणूस म्हणता ना? विचारा!"

कुणाला काही कळेना. कुणी तरी उगीच हसलं. मामूंनी हळूहळू डोक्यावरचा फेटा काढला, मांडीवर ठेवला, आणि उठून उभे राहिले.

"ती खरं बोलून राहिली," ते म्हणाले. "मी सरकारी न्हाई. कधीच नव्हतो. खाजगी माणूस हाय. कमिशनवरचा. मला पेन्शन न्हाई."

"काहीतरीच काय मामू," हरीश म्हणाला, आणि आधारासाठी त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग मला माझीच शरम वाटली आणि मी मान वर करून म्हणालो, "खरं आहे. पत्रात तीन पर्याय होते. एक ओळ मी वाचली नाही. ती मामूंना ठेवण्याची होती."

द्वारकाबाईंचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"म्हंजे तो ठराव," त्या थांबत थांबत म्हणाल्या, "आमी तुमच्याच विरुद्ध केला?"

"व्हय."

"आन पयली सही तुमी केली?"

"व्हय."

"आवं, पण काहून? एक शबुद बोलला असता तर! आमाला काय, तुमी सरकारी असा नाहीतर खाजगी असा. आमाला तुमीच पायजे होता की!" त्यांचा आवाज फुटला. "मी आजच दुसरा ठराव करती. भाऊसायेब, लिवा."

"नका," मामू म्हणाले. "बाई आली हाय. तिचं काय चुकलं?"

"मंग बोलला काहून न्हाई तुमी?"

मामूंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. म्हणाले, "तुमी समदे माझ्याकडं बोट करून म्हणला, सरकार पायजे तर असं पायजे. तीस वर्सांत मला कुणी असं म्हणलं नव्हतं. मी उठून कसं सांगू, की सरकार असं नसतंय म्हून?"

द्वारकाबाईंच्या हातात शाल तशीच होती. त्या मामूंपाशी गेल्या नाहीत. बायकांमध्ये गेल्या, आणि ती शाल त्यांनी फातिमाबींच्या खांद्यावर घातली. फातिमाबी तोंडावर पदर घेऊन खाली बसल्या.

चारची गाडी वेळेवर आली. मिनिटभर थांबली. प्रियदर्शनी मॅडम खिडकी उघडून बसल्या होत्या, पण तिकिटाला कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. ड्रायव्हरनं बाहेर डोकावून, कुणाचा तरी हात दिसतो का म्हणून थोडा वेळ पाहिलं, आणि मग गाडी निघून गेली.